कपाटाला टेकलेले होकायंत्र

मित्रांनो, नातीचे पत्र येऊन बरेच दिवस झाले, तरी आजोबांनी त्याला उत्तर धाडले नव्हते. ते पत्र माझ्याच खाली दडपलेले असे. मी एक जुने होकायंत्र आहे.

आजोबांचे वडील जमिनीची मोजणी करीत. त्यांच्यासोबत मी रानोमाळ हिंडले, शाबासकीही मिळवली. ते गेले आणि मी कागद उडू नयेत म्हणून ठेवायचे वजन झाले. माझी सुई थरथरे; बघायला कुणी नसे.

परदेशी वाढलेल्या नातीला फक्त इंग्रजी वाचता येई. तिने लिहिले होते, ‘स्टेशनापासून मी एकटी चालत येईन. वाट दिशांनी सांगा. उत्तर आले नाही, तर मी यायला नको आहे असे समजेन.’

आजोबा कोश उघडीत, लिहीत, खोडीत. तळे गावातच, पूर्व भागात, म्हणून ‘इन द ईस्ट’. टेकडी गावाबाहेर पूर्वेला, म्हणून ‘टू द ईस्ट’. बरोबरच होते, पण पोरगी हसेल, ही धास्ती सुटेना. खात्रीसाठी त्यांनी मला उचलले आणि ते लोखंडी कपाटाला टेकून उभे राहिले. कपाटाने माझी सुई ओढली. तळे उत्तरेला दिसू लागले! आजोबांनी लिहिलेला कागद फाडला.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली त्यांची थोरली बहीण आली.

“तोंड का रे असं पाडलंयस?”

“ताई, तळं उत्तरेला आहे. मी जन्मभर पूर्वेला समजत होतो.”

“म्हणजे? रात्रीतून सरकलं की काय तळं?”

आजोबांना हसू आवरेना. तळे बघायला ते मला घेऊन खिडकीशी गेले, तशी माझी सुई हळूहळू जागेवर आली. ते कपाटाकडे वळून बघत राहिले.

“कपाटाने ओढलं होय तुला!” ते मला म्हणाले. कितीतरी वर्षांनी माझ्याशी कुणी बोलले होते. मग ते पुटपुटले, “पण माझ्या इंग्रजीला ती हसली तर?”

“हसू दे की. हसायला तरी येईल ना घरी!” बहीण म्हणाली.

मित्रांनो, आम्हाला लोखंडाजवळ ठेवू नका. आणि अधूनमधून आमच्याकडे बघत जा. न बघता ठेवलेल्या वस्तूला दिवस फार मोठा जातो.

आजोबांनी वाट पुन्हा लिहून काढली. मला खिशात टाकून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले. पाकीट आत सरकवताना त्यांचा हात जरा थबकला. मग त्यांनी ते पेटीत सोडले.