काढा लागू पडला

बातमी छापून आली त्या दिवसापासून मी पेपरवाल्यांवर खार खाऊन आहे. 'झाडाच्या सालीने कर्करोग मरतो' हे ठसठशीत अक्षरांत, आणि खाली आमच्या सरांचा हसरा फोटो. प्रयोग माझा होता, पण फोटोत मी नाही याची तक्रार नाही. तक्रार दुसऱ्या ताटलीबद्दल आहे. सालीच्या अर्काने एका ताटलीतल्या कर्करोगाच्या पेशी मेल्या, हे खरं. शेजारच्या ताटलीत निरोगी पेशी होत्या, त्याही मेल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. सर म्हणतात, त्यांनी हेही सांगितलं होतं. बातमीत ते मावलं नाही.

बुरशीचं काम मात्र चोख निघालं होतं. बुरशी वाढवलेल्या ताटलीत अर्काचा थेंब ठेवला की त्याच्याभोवती मोकळी जागा पडायची, रेखीव काठाची. पण बुरशी मेल्याची बातमी कोण छापतो?

सुट्टीच्या दिवशी ताईकडे गेले तर दारातच वास आला. तुरट, ओल्या लाकडाचा. मी तो झोपेतही ओळखेन. ताईचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि केमो चालू होती. स्वयंपाकघरात भाऊजी कुकरसमोर उभे होते. ओट्यावर सालीचा ढीग आणि त्या बातमीचं कात्रण.

"या शास्त्रज्ञबाई," ते म्हणाले. "तुमचंच औषध करतोय. रोज सकाळी पेलाभर देतो तिला."

"केमो चालू असताना? डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टर कशाला हो म्हणतील? त्यांचं दुकान बंद होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या गृहस्थांना जन्मात कधी धड चहा जमला नव्हता. तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बोलून गेले असते, म्हणून हात धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये शिरले. खरं तर मी घाबरले होते. ताईचं यकृत आधीच शिणलेलं, आणि दुसऱ्या ताटलीत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांच्या बाथरूमच्या भिंतीवरची काळी बुरशी घराइतकीच जुनी. रंग झाला, ब्लीच झालं, ती ढिम्म हलली नाही. आज खालच्या अर्ध्या भिंतीवर तपकिरी ओघळ होते, पण बुरशी नव्हती. खांद्याच्या वर ती होती तशीच. मधला काठ रेखीव. हे कुठेतरी पाहिलंय असं वाटलं, आणि मग लक्षात आलं की मी हे रोज पाहते. नाक लावून हुंगलं. तोच तुरट वास.

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मागे ताई येऊन उभी होती.

"कळलं ना?" ती हळूच म्हणाली.

"एक घोटही नाही घेतलास?"

"पहिल्या दिवशी जिभेला लावला. कडूजहर. तेव्हापासून भिंतीलाच पाजते."

"मग सांगायचं ना त्यांना."

"काय सांगू? ऑपरेशननंतर नुसते खुर्चीत बसून असायचे. आता सकाळी उठून साल कुटतात, शिट्ट्या मोजतात, मला हाक मारतात. बुडत्याला काडीचा आधार असतो गं. बुडतेय मी, पण काडी त्यांनी धरलीये."

"उद्या दुसऱ्या कुणाला पाजतील, ताई."

मी स्वयंपाकघरात गेले आणि भाऊजींना दुसऱ्या ताटलीचं सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्यांनी गॅस बंद केला. खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे मी तिला विष देत होतो."

"मी प्यायलेच नाही," ताई दारातून म्हणाली. "भिंतीवर ओतत होते. जाऊन बघा, बुरशी गेली."

ते गेले, बघून आले. रागावतील असं मला वाटलं होतं. ते फक्त कुकरकडे बघत राहिले.

"मग आता मी करू काय?" त्यांनी विचारलं.

"तो काढा गाळा," ताई म्हणाली. "भिंत अर्धी राहिलीये. वरची तुम्ही करा, माझा हात वर जात नाही."

गाळणीकडे गेलेला त्यांचा हात थांबला.

"कधीपासून जात नाही?"

"ऑपरेशनपासून," ती म्हणाली.