समासातली पेन्सिल

आमच्या ग्रंथालयातून एक शिष्यवृत्ती दिली जाते, तिला कुणाचंही नाव नाही. एरवी बागेतल्या बाकड्यावरसुद्धा कुणाच्या तरी आजोबांचं नाव कोरलेलं असतं. ही मात्र नुसतीच शिष्यवृत्ती. ग्रंथपाल होण्यासाठी पदवीनंतरचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीची फी आणि राहण्याजेवणाचा खर्च तिच्यातून भागतो. त्या बदल्यात मुलीने दुपारी आमच्याकडे यायचं आणि माझ्या हाताखाली काम शिकायचं. पैसे देतात माई. शिष्यवृत्तीला नाव द्यायचं नाही आणि त्या ती का देतात हे मुलींना सांगायचं नाही, एवढ्याच त्यांच्या अटी.

कारण मला ठाऊक होतं. माईंची एकुलती एक लेक हेच शिक्षण घेत होती, तेही माझ्याच हाताखाली. शेवटच्या वर्षाला आजारी पडली आणि परीक्षेपर्यंत काही राहिली नाही. "शिकायला आलेल्या पोरीच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचं मरण कशाला ठेवायचं?" असं माई म्हणाल्या आणि मी तोंडाला कुलूप लावलं. गप्प बसायची मला सवय आहे. जन्मभर लोकांना गप्प बसवूनच पोट भरलंय.

लेक हुशार होती, पण वाचताना तिच्या हातात पेन्सिल लागायचीच. पुस्तकाच्या समासात ती लेखकाशी चक्क भांडायची. 'मगाशी याच्या उलट म्हणाला होतात.' 'पुरे आता हे रडगाणं.' जेवणाचं वर्णन आलं की 'भूक लागली'. ग्रंथपाल व्हायला निघाली आणि पुस्तकं चितारते, म्हणून मी तिला किती बोलले असेन. माझं बोलणं काही मऊ नाही, सगळे तसं सांगतात. पण तिच्यावर त्याचा ढिम्म परिणाम व्हायचा नाही.

"डिग्री हातात पडली ना, की त्याच दिवशी सगळं स्वतः खोडून काढते," ती म्हणायची. "शब्द देते मॅडम."

शेवटी मीच हात टेकले. लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिल घे आणि हलक्या हाताने लिही, म्हणजे खोडताना कागद दुखावणार नाही, असं तिला बजावलं. माझं एवढं एकच तिने मनापासून ऐकलं.

ती गेल्यावर ती सगळी पुस्तकं मी शोधून काढली आणि माईंना म्हटलं, घरी घेऊन जा. त्या नको म्हणाल्या. लायब्ररीची पुस्तकं लायब्ररीतच राहायला हवीत, लेकीला हे चाललं नसतं. मग मी ती खिडकीजवळच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि घरी न्यायची नाहीत म्हणून चिठ्ठी डकवली. तेव्हापासून दर गुरुवारी माई यायच्या, खिडकीशी बसायच्या आणि भिंग घेऊन समास वाचायच्या. छापलेल्या मजकुराकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. खाऊ पुरवून पुरवून खाणाऱ्या मुलासारख्या त्या थोडंसंच वाचायच्या आणि पुस्तक मिटून ठेवायच्या. एक जाडजूड प्रवासवर्णन तर त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ते राहू दे हो. माझ्या म्हातारपणाला." तेव्हाच त्यांनी सत्तरी ओलांडली होती. आम्ही दोघी हसलो होतो.

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला माई माझ्याशेजारी बसतात आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारतात. वाचताना हातात पेन्सिल घेतेस का? मुली छे छे म्हणतात, कानाला हात लावतात. गेल्या खेपेच्या मुलीने मात्र हसून सांगितलं, "घेते की. पण माझ्या स्वतःच्या पुस्तकात." माईंनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या मुलींना मी उगाचच प्रश्न विचारत राहिले, निवड तर तिथेच झाली होती.

या मुलीला मी घाईबाई म्हणायचे. शिडीवर चढायची ती पळत, बोलायची ती पळत. पण पुस्तक दुरुस्तीला बसली की वेगळीच व्हायची. उसवलेली पानं शिवणं, पुठ्ठ्याची पाठ बदलणं, पानं साफ करणं, सगळं मी तिला शिकवलं. खोडरबर मऊ घ्यायचा, कागद तळहाताने दाबून धरायचा, आतून बाहेर एकाच दिशेने जायचं, चुरा फुंकायचा नाही, ब्रशने झाडायचा. काही दिवसांतच तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, तिचं तोंडावर केलं.

माईंवर तिचा जीव होता. आपलं शिक्षण यांच्यामुळे चाललंय एवढं तिला माहीत होतं. गुरुवारी त्यांची खुर्ची ती आधीच उजेडाकडे वळवून ठेवायची. एवढी वयस्कर बाई आणि हिच्या वाट्याला नेमकी फाटकी, रेघोट्या मारलेली पुस्तकं यावीत, याचं तिला वाईट वाटायचं. हे तिने मला एकदा बोलूनही दाखवलं होतं. मी हं म्हणून विषय बदलला, कारण शब्द दिलेला होता.

मग माझी पाठ धरली आणि मी अंथरुणाला खिळले. उठून कामावर आले तो गुरुवार होता. माई नुकत्याच आल्या होत्या. घाईबाई आम्हा दोघींना हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेली. तिचं शिक्षण संपत आलं होतं, तेव्हा जाण्याआधी तिला माईंसाठी काहीतरी करायचं होतं. कप्प्यात सगळी पुस्तकं रांगेत उभी होती. नवी पाठ, नवं वेष्टण, कोपरे सरळ.

माईंनी एक पुस्तक काढलं, उघडलं, पानं उलटली. ते ठेवून दुसरं काढलं. मग ते जाड प्रवासवर्णन. सगळे समास पांढरेशुभ्र होते.

"सगळीकडे कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, माई," घाईबाई म्हणाली. "एकूण एक पान साफ केलं. आता तुम्हाला नीट वाचता येईल."

तिच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी तिला पोटाशी धरून रडावं असंही वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. माई हळूच खुर्चीवर टेकल्या आणि तिला शेजारी बसवलं.

"खोडताना वाचलंस का गं, काय लिहिलं होतं ते?"

थोडं थोडं वाचलं, घाईबाई म्हणाली, कधीकधी हसूच यायचं.

"या जाड्या पुस्तकातलं काही आठवतंय?"

तिला आठवत होतं. लेखक शिखरावर पोचल्याची फुशारकी मारतो, तिथे लिहिलं होतं, 'आता खाली कोण उतरवणार, तुमची आई?' माई मोठ्याने हसल्या. वाचनकक्षात इतक्या मोठ्याने कुणी हसलं तर मी बाहेर काढते. मग घाईबाईला आणखी एक आठवलं. कुठल्याशा तळ्याच्या वर्णनाशेजारी होतं, 'इथे जायचं. आईला घेऊन. तिचे गुडघे कुरकुरायच्या आत.'

माईंचा हात आपोआप स्वतःच्या गुडघ्यावर गेला. घाईबाईने तो हात पाहिला, मग माईंचा चेहरा, मग माझा. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला काही सांगावंच लागलं नाही.

"आणखी?" माईंनी विचारलं.

"आणखी... शेवटच्या पानावर होतं," ती अडखळत म्हणाली, "'माझ्या आईसारखी आई कुणाचीच नाही.'"

माईंनी मान हलवली.

"नाही बाळा. ती असलं काही लिहायची नाही. हे तुझं आहे."

मग मात्र पोरीला हुंदका आवरेना. माईंनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिल्या. लेकीनेच शब्द दिला होता, त्या तिला सांगत होत्या, डिग्री मिळाली की सगळं खोडून काढीन म्हणून. तिचं राहिलेलं काम तू केलंस, आता परीक्षा नीट दे, पुढच्या मुलीच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. तिला तोंड धुवायला पाठवलं तेव्हा माईंचा आवाज अगदी शांत होता.

ती दाराआड गेली आणि माई जाड पुस्तक घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. पान तिरकं करून उजेडात धरलं. त्या काय शोधताहेत ते मला कळलं. पेन्सिल दाबून लिहिलं असेल तर खोडल्यावरही कागदावर चरे राहतात. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, पुढचं पान धरलं, त्याच्या पुढचं धरलं.

"तुम्ही बघा हो जरा," त्या म्हणाल्या. "माझे डोळे आता काही कामाचे नाहीत."

मी पुस्तक घेतलं. भिंग लावून पाहिलं, पान सगळ्या बाजूंनी वळवून पाहिलं. कुठे एक चरा नव्हता. एकीने हलक्या हाताने लिहिलं होतं आणि दुसरीने हलक्या हाताने खोडलं होतं.

"काहीच नाही, माई."

"नसणारच," माई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, त्यांना तो कधी जमलाच नाही. "तुमचं शिकवणं चांगलं. दोघी अगदी नीट शिकल्या."

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, खाली वाकून त्याच्या जागेवर ठेवलं, आणि गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या.