ह्यांनी कधी चहा केला नाही

आमचे हे उभ्या जन्मात एकदाही चहा करायला उठले नाहीत. लग्न झाल्यापासून मी ही तक्रार ऐकेल त्याला सांगत आले, पण कोर्टात सांगायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

शिवणकामाच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, हे कापड कापायचे. आग लागली तेव्हा मागच्या जिन्याच्या दाराला मालकाचं कुलूप होतं. नऊ माणसं गेली, त्यांत हे. खटला उभा राहिला तसा मालकाच्या वकिलाने शोध लावला, की ह्यांनी चहाची विजेची किटली चालू ठेवली आणि तिथून आग लागली. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून वकिलांना फार आवडतो. बाकीच्या आठ घरांतल्या बायका मला बघून तोंड फिरवायला लागल्या.

आमच्या बाजूने आधी धाकटे दीर उभे राहिले. गेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं, म्हणून म्हणाले, "दादा फार कामसू. कारखान्यात सगळ्यांच्या आधी जायचा, स्वतः चहा करून सगळ्यांना द्यायचा." वकिलाला घरबसल्या लॉटरी लागली. मला दिरांचा गळा दाबावासा वाटला.

मग मी. म्हटलं, "साहेब, ह्यांना पाणीसुद्धा हातात द्यावं लागायचं. किटलीचं बटण कुठे असतं तेही माहीत नव्हतं."

"बायका नवऱ्याबद्दल असंच बोलतात," वकील म्हणाला. न्यायाधीशही हसले. त्यांच्या घरीही तेच चालत असावं.

शेवटची साक्ष सासूबाईंची. माझ्या लेकाला तू कामाला जुंपतेस, हे त्यांचं वीस वर्षांचं पालुपद.

"धाकटा मायेपोटी खोटं बोलला," सासूबाई म्हणाल्या. "थोरला आळशी होता. मीच लाडावून ठेवला. प्यालेला कप उचलायचा नाही, तो चहा कुठला करतोय? सून खरं सांगते. पहिल्यापासून खरंच सांगत होती."

"आजी, आई असून असं बोलता?" वकिलाने विचारलं.

"मग कोणी बोलायचं?"

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

निकालात ह्यांच्यावरचा ठपका पुसला गेला आणि कुलपापायी मालक तुरुंगात गेला. आठांतली एक बाई येऊन माझा हात धरून उभी राहिली.

कोर्टाचा जिना उतरताना सासूबाई म्हणाल्या, "घे, जिंकलीस. झालं समाधान?"

मी नाही म्हटलं. मला जिंकायचंच होतं, पण हे समोर लोळत पडून ऐकत असताना.