हलका पाय

“गाडी ठणठणीत हाय, भगवान. तुजाच पाय हलका.”

बाबांचा तो आवाज बावीस वर्षांपूर्वीचा, उलव्याच्या भरावावरच्या धुळीत ऐकलेला. बाबा आता नाहीत. पण कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या शेडमध्ये गाडीची पुढची चाकं रोलरवर चढली, तेव्हा आधी तो आवाज गाडीत येऊन बसला. भगवान त्यानंतर बसला.

चपला त्याने बाहेर काढून ठेवल्या होत्या. या गाडीत कोणी चप्पल घालून बसत नसे. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या शर्यतीआधी आईने हळदकुंकू वाहून, जुन्या लुगड्यांचं जाड बसकर स्वतः शिवून पायाखाली अंथरलं होतं. त्यावर आजवर अनवाणी पावलंच पडली.

“दादा, हे काढू या का?” हेतल वाकून म्हणाली. शेड तिची, इंजिनाची ताकद मोजायचं यंत्रही तिचंच. “टेस्टमध्ये पेडलला अडकलं तर प्रॉब्लेम होईल.”

“नको काडू!”

प्लास्टिकच्या खुर्चीवरून त्याची आई, चंद्रावती, एकदम उठली होती. मग पदर सावरत पुन्हा बसली. “सीटच्या दांड्याला बांदलाय. नाय सरकत.”

हेतलने ओढून पाहिलं. बसकर खरंच हललं नाही.

“राहू दे,” भगवान म्हणाला. “आईच्या हातचं आहे.”

सकाळी आई हट्टाने सोबत आली होती. उद्या गाडी भंगारात कापायला जायची होती. कापण्याआधी तिची ताकद का मोजायची, हे त्याने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं; आणि तिनेही विचारलं नव्हतं.

तेव्हा भरावावर कंपनीतून आल्या तशाच गाड्यांची शर्यत होती. पुण्याच्या एका रेसिंग टीमचे लोक स्टिअरिंगवरचा चांगला हात शोधायला आले होते. भगवान शेवटचा आला. सरळ पट्ट्यावर पाय तळाला टेकलेला, आणि बाकीच्या गाड्या डोळ्यांदेखत पुढे जात राहिल्या. त्यानंतर त्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला. फरक पडला नाही. बाबा एक वाक्य बोलले ते बोलले. पुढे त्याने ट्रकांच्या बुकिंगचं ऑफिस टाकलं. रात्री गाड्या सोडताना दुसऱ्यांच्या हातातली स्टिअरिंगं तो बघत राहायचा.

आज यंत्र सांगणार होतं. आकडा खाली आला, तर दोष गाडीचा. वर गेला, तर त्याचा.

पट्टे आवळले गेले. समोरचा मोठा पंखा घोंघावू लागला.

“चौथ्या गिअरमध्ये न्या. मी हात खाली केला की फुल दाबायचं. सोडायचं नाही.”

हेतलचा हात खाली आला. भगवानने पाय दाबला. रोलर गुरगुरले, पत्रे थरथरले, इंजिनाचा आवाज चढत गेला. आणि वरच्या पट्टीला पोचायच्या आत गायकाचा श्वास संपावा तसा तिथेच अडला.

“चव्वेचाळीस हॉर्सपॉवर,” हेतल म्हणाली. “चाकांवर. नवी असताना सत्तरच्या आसपास असणार.”

भगवानने डोळे मिटले. गाडीच. इतकी वर्षं गाडीच. त्याचे खांदे खाली आले.

“पण दादा, एक मिनिट.” हेतल स्क्रीनवरच्या रेषेवर बोट फिरवत होती. “थकलेलं इंजिन पहिल्यापासून कमी ओढतं. हे खाली मस्त ओढतंय. फक्त वर सपाट. कोणीतरी गळा धरल्यासारखं. तुम्ही फुल दाबलं होतं ना?”

“तळापर्यंत.”

“परत दाबा. इंजिन बंद करून.” तिने बॉनेटखाली टॉर्च धरला. “हवेची झडप अर्धीच उघडतेय. पायाखाली काय आहे?”

खुर्ची करकरली. चंद्रावती उभी राहिली नव्हती. नुसती पुढे झुकली होती.

भगवानने दांड्याच्या गाठी सोडल्या. बसकर उलटं केलं. पेडल जिथे टेकायचं तिथे, लुगड्याच्या विरलेल्या थरांत, लाकडाचा एक तुकडा शिवलेला होता. मिठागरातली जुनी फळी, खाऱ्या पाण्याने कडा गुळगुळीत झालेली. भोवती लाल दोऱ्याची दुहेरी टीप. तसलीच टीप त्याच्या गोधडीला होती.

त्याने आईकडे पाहिलं नाही. बसकर शेजारच्या सीटवर ठेवलं आणि चावी फिरवली.

“घ्या परत.”

या वेळी पाय जास्त खोल गेला. इतका खोल, की क्षणभर त्याला वाटलं तळच नाही. इंजिन रडलं, ओरडलं, आणि जिथे अडायचं तिथून मोकळं वर निघून गेलं. डॅशबोर्डवरची वाळकी फुलं खाली घरंगळली.

“सहासष्ट!” हेतल हसत ओरडली. “गाडीच्या ह्या वयात? भारीच की, दादा!” मग तिला दोघांचे चेहरे दिसले. पंख्याची वायर गुंडाळायला ती शेडच्या टोकाला गेली.

भगवान खाली उतरला. अनवाणीच, बसकर हातात घेऊन आईसमोर उभा राहिला. लोखंड बाजारात कुठेतरी सळया उतरत होत्या, त्यांचा खणखणाट थांबेपर्यंत थांबला.

“हे शिवायला बाबांनी सांगितलं होतं?”

चंद्रावतीने मान वर केली. हो म्हटलं असतं, तर तिथेच संपलं असतं. बाबा काही उलट सांगायला येणार नव्हते. तिने फळीवर तळहात ठेवला, तापलेलं अंग बघावं तसा.

“त्यांना काय ठाव? ते तुला बोलले, आन मी चुलीम्होरं गप बसले.” ती फळीची कड चाचपत राहिली. “त्याच महिन्यान, शर्यतीच्या आदी, पलस्प्याला आपला परेश गाडी ठोकून गेला. माज्या भावाचा पोर. त्याच्या पायान जोर व्हता, समदी सांगायची. त्याला आनला तवा चादर मी उचलली.”

“आई...”

“तू शेवटचा आलास ना भगवान, तवा समदी माना खाली घालून बसली घरान.” तिने त्याच्या उघड्या पावलांकडे पाहिलं. “मी एकलीच मागल्या दारान गेले, आन एकवीरेच्या नावानं नारल फोरला.”