पापणी मिटणारी आत्या

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आत्याच्या डोळ्यात औषध घालणं ही घरातली रोजची लढाई झाली होती. स्वतः घालायला गेली की थेंब गालावर, नाहीतर नाकावर. एकदा तर थेट कानात. त्यामुळे कॉलेजात वैद्यकीय उपकरण बनवायचा प्रकल्प आला, तेव्हा तिच्या भाचीला विषय शोधावा लागला नाही. जोडीला वर्गातला लंबू होता.

दोघांनी चष्म्याच्या फ्रेमवर बाटली बसवली आणि बाजूला खटका लावला. खटका दाबला की एकच थेंब, नेमका बुबुळावर. प्रयोगशाळेतल्या प्लॅस्टिकच्या डोक्यावर एकही नेम चुकला नाही. लंबूचे पाय जमिनीला लागेनात.

मग दोघं आत्याकडे गेली. तिने मान मागे टाकली, भाचीने खटका दाबला. थेंब पापणीवर आपटून ओघळला. दुसराही तसाच. तिसऱ्याला आत्याने डोळ्यांबरोबर तोंडही घट्ट मिटलं.

"आत्या, डोळा उघडा ठेव ना!"

"मी ठेवतेच आहे गं. तोच मिटतो."

"त्या डोक्यावर तर बरोबर पडत होता," लंबू पुटपुटला.

"ते डोकं प्लॅस्टिकचं, बाळा. त्याला कसली आलीये भीती!"

पापणी धरायला चिमटा लावू, असं लंबूने सुचवलं. आत्याने त्याच्याकडे असं काही पाहिलं की विषय तिथेच संपला. "झालं का तुमचं?" म्हणत तिने डोळा उघडला आणि नाकाकडच्या कोपऱ्यात साचलेला थेंब गुपचूप आत शिरला.

"अगं बाई, गार लागलं!"

भाची ओरडली, "लंबू, मिटू दे की डोळा! कोपऱ्यात थेंब टाकू, मग उघडायचा!"

पुढे कितीतरी दिवस कापणं, घासणं, वाकवणं चाललं. नवी फ्रेम पाहून आत्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान मुलांना आम्ही असंच घालतो. एकट्या माणसाला नेम साधत नाही, तो तुम्ही साधलात. फक्त बाटलीचं टोक कातडीला लागू देऊ नका."

सादरीकरणाच्या सकाळी आत्या फ्रेम सोडेना. "माझ्या औषधाची वेळ झाली की मी काय करू? मलाच घेऊन चला."

परीक्षकांसमोर तिने ऐटीत खटका दाबला. थेंब बरोबर आत.

"उपकरणात काही कमी वाटते का, आजी?" एका परीक्षकाने विचारलं.

"हो. घालून आरशात बघवत नाही."

सगळे हसले. पहिला नंबर मात्र दुसऱ्याच गटाने नेला, यांना दुसरा मिळाला. परतताना भाची हिरमुसली होती. आत्याने तिच्या पाठीवर थाप मारली.

"त्या परीक्षकांना नीट दिसत नसणार गं. त्यांनाही एकेक फ्रेम करून द्या!"