मामाच्या पिशवीतला कंदील

जरा डोळ्यांसमोर आणा बरं. टीव्हीवरच्या खेळात एक काळीकुट्ट गुहा आहे, आणि तिच्या तोंडाशी बोटभर उंचीचे दोन वीर उभे आहेत. हिरव्या टोपीचा वीर भिंगरीचा. निळ्या टोपीचा तिच्या मामाचा.

मामा वायरमन. त्यामुळे तलवार भाचीकडे आणि कंदील मामाकडे, ही वाटणी पहिल्याच दिवशी झाली होती. उजेडाचं खातं आपलं, असं तो ऐटीत सांगायचा. भिंगरी पुढे धावून राक्षसांच्या अंगावर जायची आणि मामा मागून रमतगमत यायचा, वाटेतल्या काटक्या वेचून तिच्या पिशवीत कोंबत. हे ओझं कशाला, म्हणून ती कुरकुर करायची. त्याच्या रिमोटची मूठ ढिली झाली होती, तर तिला त्याने तारांना लावायची काळी चिकटपट्टी गुंडाळली होती.

दीड महिन्यापूर्वी कामावरच त्याच्या छातीत कळ आली. तो घरी आलाच नाही.

त्यानंतर आज भिंगरीने पहिल्यांदा खेळ लावला. दोघे वीर होते तिथेच उभे होते. ती गुहेत शिरली, पण अंधारात धडपडून पुन्हा तोंडाशी आली. तीनदा तेच झालं. शेवटी तिने सोबत्याकडे कंदील मागितला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'सोबत्याला विचारलं आहे. त्याच्या उत्तराची वाट पाहा.'

खेळाचा नियमच तसा होता. सोबत्याच्या पिशवीतलं काही हवं असेल, तर त्याने आपल्या रिमोटवर 'हो' दाबायचं. मामा इतक्या झटकन दाबायचा, की ही अक्षरं भिंगरीला कधी वाचायलाच मिळाली नव्हती. आज ती पडद्यावरून हलेनात.

काळ्या पट्टीचा रिमोट शेजारीच पडला होता. तिचं बोट दोनदा त्याच्याजवळ गेलं आणि मागे आलं.

आई केव्हाची दारात उभी होती, कुणास ठाऊक. मामा तिच्या पाठचा भाऊ.

"दाब की," ती हळूच म्हणाली.

"मी नाही. ते मामाचं बटण आहे."

आई जवळ येऊन बसली. तिने रिमोट उचलला आणि पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली.

"लहानपणी माझी पेन्सिल घेतली, की महिनामहिना द्यायचा नाही चोर," ती म्हणाली. "तुला मात्र कधी नाही म्हणाला नाही."

आणि तिने 'हो' दाबलं.

कंदील हिरव्या टोपीच्या हातात आला. निळ्या टोपीभोवती अंधार झाला.

भिंगरीने गुहेकडे पाठ फिरवली. पिशवीतल्या सगळ्या काटक्या काढून तिने निळ्या टोपीशेजारी रचल्या, पेटवल्या आणि शेकोटी नीट धरेपर्यंत ती तिथेच थांबली. मग कंदील उंच धरून, अजिबात न धावता, एकेक पाऊल टाकत ती गुहेत गेली.