पप्पांच्या वाट्याचं वचन

पप्पांच्या पायाचा अंगठा काळा पडून आठ दिवस झाले होते, आणि पप्पा मला कार्ड दाखवत होते.

आमच्या चर्चमध्ये एकतीस डिसेंबरच्या उपासनेनंतर पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, टोपली फिरवतात. डोळे मिटून एक कार्ड उचलायचं. त्यावर पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, जे वचन निघेल ते तुमचं वर्षभराचं. यंदा पप्पांना निघालं, की देव तुझं एकही हाड मोडू देणार नाही. कार्ड खिशात घातलं आणि जानेवारीतच त्यांनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या. मला कळलं जूनमध्ये. शेवगावच्या शाळेत मी पोरांना विज्ञान शिकवते आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार.

"डॉक्टरांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय," मी म्हणाले. "अंगठा काढला तर पाऊल वाचेल. नाहीतर गुडघ्याखालून पाय जाईल."

"अंगठ्यात हाड हाय का न्हाई?"

"आहे."

"मग झालं तर."

हे 'मग झालं तर' ऐकलं की माझं डोकं फिरतं. नागापूरच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. टूल झिजलं की बदलायचे, तेव्हा कुठलं वचन काढत बसले नाहीत. मी रिपोर्ट पुढे केले, त्यांनी ते न बघताच घडी घालून परत दिले. मग मीही शास्त्रावर आले. म्हटलं, एखादा अवयव अडखळवत असेल तर तो कापून टाक, असंही लिहिलंय की.

"ते पापाबद्दल हाय. तू मास्तरीन हायेस, पाळक होऊ नको."

"पप्पा, देव मीही मानते. पण डॉक्टरही देवानंच दिलेत ना?"

"तुझ्या आईला दिले हुते की."

आई गेल्या ऑगस्टमध्ये गेली. तिच्या कार्डावर दीर्घायुष्य होतं. दवाखान्यात ते तिच्या उशीखालीच होतं.

"माझं खरं ठरलं तर तुझ्या आईच्या, मरियाच्या टायमाला आपलंच कायतरी चुकलं म्हनीन," पप्पा म्हणाले. "माझंबी खोटं निघालं, तर मी हाक कुनाला मारायची?"

म्हणजे इतके दिवस मी उगाच साखरेचे आकडे सांगत होते. मला रडू आलं, आणि रागही तेवढाच आला. त्यांचा आणि माझाही.

"पप्पा, ती कार्डं मी लिहिते. चार वर्षं झाली. पाळकसाहेब म्हणतात, तूच निवड. शास्त्रात रडण्याची, मरणाची, देवाला जाब विचारण्याची वचनं काय थोडी आहेत? मी त्यातलं एकही घेत नाही. लोकांना बरं वाटावं म्हणून गोड गोड तेवढी उचलते."

त्यांनी खिशावर हात दाबला.

"मरियाचं?"

"तेही मीच लिहिलेलं."

"म्हंजी तिला शब्द त्यानं दिला न्हवता."

"नाही."

"तू दिलास."

"हो, पप्पा."

त्यांनी खिशातलं कार्ड काढून कॉटवर ठेवलं आणि चप्पल शोधायला लागले.

"गाडी बोलाव," ते म्हणाले. "तुझ्याशी मातर मी बोलनार न्हाई."

नगरपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. खिडकीला डोकं टेकवून, डोळे मिटून पुटपुटत होते. आई गेल्यापासून त्यांना प्रार्थना करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.